छोट्या प्रकाशकाची कथास्पर्धा : नवव्या नियमावर गाडी अडलीये, पाठवू की नको?

जुनी_वही | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा माझा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

एका छोट्या प्रकाशनाने नवोदितांसाठी कथास्पर्धा जाहीर केली आहे. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. शब्दमर्यादा ३०००, विषय खुला, ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशा कुणालाही भाग घेता येतो. प्रवेशशुल्क आहे, पण किरकोळ. बारा कथा निवडून संग्रह काढणार आणि निवडलेल्या प्रत्येकाला संपादकाबरोबर बसून कथेवर काम करायला मिळणार. खरं सांगायचं तर मला त्या शेवटच्या वाक्याचाच मोह पडलाय. माझ्या लिखाणावर आजवर ज्यांनी मत दिलं ते एकतर नातेवाईक आहेत, नाहीतर नातेवाइकांना घाबरणारे.

अडचणी दोन. पहिली, माझी कथा ४१०० शब्दांची आहे. दुसरी, नियम क्रमांक ९. जसाच्या तसा देते : "स्पर्धेसाठी पाठवलेल्या सर्व साहित्याचे सर्व प्रकारचे हक्क संयोजकांकडे राहतील."

सर्व साहित्याचे म्हणजे निवड न झालेल्या कथांचेही का? की मीच जास्त विचार करतेय? मुदत रविवारी रात्री बारापर्यंत.

आळशी_कासव | सोमवार, रात्री ९:३१

पाठवू नका. विषय संपला.

स्पर्धा ही लेखकासाठी नसतेच, संयोजकासाठी असते. शे-दोनशे लोकांचं शुल्क, फुकटचा मजकूर, वर संग्रह विकत घ्यायला लेखकांचेच मामा-मावश्या. कथा चांगली असेल तर एखाद्या अंकाला पाठवा, संपादकाला आवडली तर छापेल. कथेला नंबर कसला द्यायचा? ती काय धावते?

अर्धविराम | सोमवार, रात्री ९:४०

कासवाने धावण्यावर बोलावं म्हणजे कमाल झाली.

बाकी धाग्याशी सहमत, म्हणजे प्रश्नाशी. मलाही ही स्पर्धा दिसली होती.

कानामात्रा | सोमवार, रात्री १०:०५

जुनी_वही, तुम्ही जास्त विचार करत नाही आहात, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. नियम ९ शब्दशः वाचला तर हरलेल्या कथाही त्यांच्या. तुमची कथा लघुयादीतसुद्धा आली नाही, तरी उद्या तुम्ही ती दुसरीकडे देऊ शकत नाही आणि ते तिच्यावर नाटक बसवू शकतात. बसवणार नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण कागद काय म्हणतो ते बघायचं, माणूस चेहऱ्याने किती सज्जन आहे ते नाही.

थोडं मुळातून सांगते, कारण इथे दर दोन महिन्यांनी कुणीतरी "कॉपीराइट कुठे काढून मिळतो?" असं विचारतं. काढावा लागत नाही. तुम्ही शेवटचा पूर्णविराम दिलात (खरं तर त्याच्याही आधी, लिहिता लिहिताच) की तो तुमचा झाला. लेखक-कलावंतांच्या हक्कांबद्दल देशादेशांत १८८६ साली जो बर्न करार झाला, त्याला १९०८ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात स्पष्टच ठरलं की या हक्कासाठी नोंदणी वगैरे कसलीही अट घालायची नाही. करारात सामील असलेल्या सगळ्या देशांना ते लागू. म्हणजे आज, या क्षणी, ती कथा पूर्णपणे तुमची आहे. प्रश्न एवढाच की त्यातलं तुम्ही काय देताय, किती काळासाठी देताय आणि परत मिळणार आहे का.

प्रकाशकाला संग्रह काढायला खरोखर काय लागतं? तुमची कथा त्या एका पुस्तकात, छापील आणि ई-आवृत्तीत, पहिल्यांदा छापायची परवानगी. फार तर एखादं वर्ष ती दुसरीकडे देऊ नका एवढी विनंती. बास. एवढ्यात संग्रह निघतो. "सर्व प्रकारचे हक्क" यात अनुवाद, ऑडिओ, चित्रपट सगळं येतं. घर भाड्याने हवंय आणि खरेदीखतावर सही मागतायत, असला प्रकार आहे हा.

तरी एक सांगते. हे लोक चोरच असतील असं नाही. ही ओळ मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की मला वाटतं एकाने लिहिली आणि बाकीच्यांनी उचलली. निबंधस्पर्धेच्या पत्रकावरून रांगोळीस्पर्धेच्या, तिथून कथास्पर्धेच्या. ईमेल करून विचारा ना सरळ.

खोडरबर | सोमवार, रात्री १०:४८

मी पोळलेला माणूस आहे, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत माझी कथा "विजेती" ठरली. नाव घेत नाही. आनंदाने मी हवेत. मग कळलं की विजेते आम्ही ऐंशीच्या वर आहोत आणि प्रत्येक विजेत्याने संग्रहाच्या दहा प्रती घ्यायच्या आहेत. हे नियमावलीत कुठेच नव्हतं, अभिनंदनाच्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदात होतं. घेतल्या. कारण तोवर मी सगळ्यांना सांगून बसलो होतो.

पुस्तक आलं. माझ्या कथेचा शेवटचा परिच्छेद पान संपलं म्हणून पुढच्या पानावर गेला होता, आणि तिथे पुढच्या कथेच्या शीर्षकाखाली छापला गेला होता. म्हणजे माझा नायक स्टेशनवर उभा राहतो आणि कथा संपते. आणि पुढच्या बाईंची विनोदी कथा "त्याने मागे वळून पाहिलं नाही" या वाक्याने सुरू होते. त्या बाईंना कुणीतरी म्हणालं म्हणे, सुरुवात फार अनपेक्षित आहे.

त्या दहापैकी सात प्रती अजून माळ्यावर आहेत. तेव्हा जपून.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:५५

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). सॉरी खोडरबर. पण हहपुवा.

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी ७:२०

माझा बाळबोध प्रश्न. नवोदित म्हणजे नक्की किती वयापर्यंत? मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, लिहायला आत्ता लागलोय. मी नवोदित की मावळतीचा?

कानामात्रा | मंगळवार, सकाळी ८:०२

काका, नवोदित म्हणजे नव्याने उगवलेला. कितव्या वर्षी उगवलात ते कोण विचारतंय. जुनी_वहींनी दिलेली अट पुस्तकाची आहे, वयाची नाही, तेव्हा तुम्ही बसता त्यात. काही स्पर्धा वयाची अट घालतात हे खरं. अमेरिकेत येल विद्यापीठाची एक जुनी कवितास्पर्धा आहे, १९१९पासूनची, पहिला संग्रह छापण्यासाठीच. तिच्यात बरीच वर्षं चाळिशीच्या आतलेच कवी घेत. आता ती अट नाही, पहिलं पुस्तक असलं की झालं.

फक्त एक बघून घ्या. "पुस्तक" म्हणजे काय? स्वखर्चाने काढलेलं धरतात का, ई-पुस्तक धरतात का? लोक इथेच बाद होतात.

मुद्राराक्षस | मंगळवार, सकाळी ११:१५

कासवाला उत्तर द्यायचं म्हणून आलो, पण लांबण लागणार असं दिसतंय.

मी मुद्रितशोधक, म्हणजे प्रुफं तपासणारा. एका छोट्या प्रकाशनाच्या अशाच स्पर्धेत दोन वर्षं प्राथमिक वाचनही केलंय. आतून काय चालतं ते सांगतो, मग कुणी कशाला काय म्हणायचं ते म्हणा.

आमच्याकडे कथा आल्या की एक मुलगी त्यांना क्रमांक द्यायची आणि नावाचं पान वेगळं करायची. प्रत्येक कथा दोघांकडे. प्रत्येकाने हो, नाही किंवा कदाचित, आणि एका ओळीत कारण. दोघांचं जमलं नाही तर तिसरा. तिथून पंचवीस-तीस कथा परीक्षकांकडे. आता हिशेब करा. समजा तीनशे कथा आल्या, सरासरी अडीच हजार शब्दांच्या. झाले साडेसात लाख शब्द. मिनिटाला दोनशे शब्दांनी वाचलं तरी एका माणसाचे बासष्ट तास जातात, आणि हे एकदाच वाचायचे. दोघांचे सव्वाशे. शुल्क मोजताना हेही धरा, कासवराव. आम्हाला त्याबद्दल मिळालं ते नाममात्रच.

"अभिप्राय का देत नाहीत?" याचं उत्तरही त्या तासांतच आहे.

शब्दमर्यादेबद्दल. लोकांना वाटतं तीन हजार हा आकडा कुणाच्या तरी लहरीने आलाय. तो फॉर्म्यावरून येतो. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यात छापतात. बारा कथा गुणिले तीन हजार म्हणजे छत्तीस हजार शब्द. पानावर पावणेतीनशे धरले तर १३१ पानं. शीर्षकपान, अनुक्रमणिका, प्रस्तावना, कथांच्या आधीची कोरी पानं धरून १४४, म्हणजे बरोबर नऊ फॉर्मे. आता प्रत्येकाने "माझे फक्त चारशेच शब्द जास्त आहेत" म्हटलं की अठरा पानं वाढली आणि दहावा फॉर्मा भरून अकरावा सुरू झाला. छोट्या प्रकाशकाचं कंबरडं तिथे मोडतं. म्हणून ३००० म्हणजे ३०००. ३०५० ला आमच्याकडे न वाचता बाजूला ठेवायचे. मला वाईट वाटायचं, पण ठेवायचे.

आणि मराठीत तीन हजार शब्द म्हणजे भरपूर जागा आहे हो. आपली भाषा शब्द जोडून घेते. "घरासमोरच्यांनासुद्धा" हा एक शब्द मोजला जातो. इंग्रजीत त्याचे सहा-सात होतील. राष्ट्रकुल कथास्पर्धेची मर्यादा दोन ते पाच हजार आहे (तिला शुल्क नाही, जाता जाता सांगतो), पण तिथले पाच हजार आणि आपले पाच हजार एक नव्हेत.

जुनी_वही | मंगळवार, दुपारी २:३०

मुद्राराक्षस, मनापासून धन्यवाद. फॉर्म्याचं गणित वाचून ४१०० शब्दांबद्दल अपराधीच वाटायला लागलं. कुठून कापू तेच कळत नाहीये. सुरुवातीचा परिच्छेद इथे देते, जरा बघता का?

[कट्ट्याचे संपादक : धागाकर्तीच्या विनंतीवरून इथला उतारा काढला आहे.]

मुद्राराक्षस | मंगळवार, दुपारी २:४१

काढा आधी तो! इथल्या संपादकांना सांगा आणि आत्ताच्या आत्ता काढा.

दोन कारणं. एक, नियमात "अप्रकाशित" असणारच. आणि आंतरजालावर सगळ्यांना दिसेल असं टाकलेलं बहुतेक संयोजक प्रकाशितच धरतात. ब्लॉग असो, फेसबुक असो की आपला हा कट्टा. एक परिच्छेद कदाचित चालून जाईल, पण कशाला विषाची परीक्षा? दोन, परीक्षण निनावी आहे. उद्या प्राथमिक वाचकांतला कुणी इथला सभासद निघाला तर? आम्ही कुठे कुठे असतो.

कानामात्रा | मंगळवार, दुपारी ३:१०

+१. आणि निनावीपणाचा विषय निघालाच आहे तर, फाइलही तपासा. वर्डमध्ये फाइलच्या माहितीत लेखकाचं नाव आपोआप बसलेलं असतं. कथेवर नाव नाही, पण फाइलवर उजवी टिचकी मारली की पूर्ण नाव. ते पुसता येतं, गुणधर्मांत जाऊन. आणि कृपा करून फाइलचं नाव "कथा_शेवटची_नक्की_शेवटची_२" असं ठेवू नका.

अर्धविराम | मंगळवार, दुपारी ३:१२

हे वैयक्तिक झालं.

खोडरबर | मंगळवार, सायंकाळी ६:००

निनावी परीक्षणावर माझा फारसा विश्वास नाही. परीक्षकांचेच शिष्य येतात वर, हे जगभर चालतं. २००४ मध्ये अमेरिकेत फोएट्री नावाची एक वेबसाइट निघाली होती, तिचं कामच ते. कवितास्पर्धेत कुणी कुणाला निवडलं, त्यांचं आधीचं नातं काय, याची यादी लावायची. सरकारी विद्यापीठांच्या स्पर्धांची कागदपत्रं माहितीच्या कायद्याखाली मागवायचे. बरीच खळबळ माजली.

मुद्राराक्षस | मंगळवार, रात्री ८:२५

माजली, आणि त्यातून काहीतरी चांगलंही झालं. तिथल्या वाङ्मयीन मासिकांच्या आणि छोट्या प्रकाशकांच्या संघटनेने स्पर्धांसाठी आचारसंहिता केली. पद्धत काय आहे, परीक्षकाशी हितसंबंध असतील तर काय, हे आधी जाहीर करायचं. आपण एवढंच बघायचं की या गोष्टी लिहिल्यात का. परीक्षकांची नावं दिली आहेत का? कोण कोण भाग घेऊ शकत नाही ते दिलंय का? मागच्या वर्षीचा संग्रह कुठे बघायला मिळतो का? मिळत असेल तर तो वाचा. दुसरं काही नाही केलंत तरी तेवढं करा. मुद्रणदोष मोजा. दहा पानांत चारपेक्षा जास्त दिसले तर ते लोक तुमच्या कथेवर "संपादकाबरोबर बसून काम" करतील यावर माझा तरी विश्वास बसणार नाही.

खोडरबर, तुमचा तो परिच्छेद. ते पान लावणाऱ्याचं काम, पण मुद्रितं (छपाईआधीची प्रुफं) कुणी पाहिलीच नव्हती हे शंभर टक्के. लेखकाला शेवटचं मुद्रित दाखवणार का, हेही विचारून घ्यायचं असतं.

आळशी_कासव | मंगळवार, रात्री ९:१५

बासष्ट तासांचा हिशेब मान्य. शुल्काबद्दलचं वाक्य अर्धं मागे घेतो. अर्धंच.

पण आता तुम्ही वाचणार काय? यंत्रं लिहितात हो कथा. तीनशेतल्या शंभर तर यंत्राच्याच असतील.

मुद्राराक्षस | मंगळवार, रात्री ९:५०

आकडा माहीत नाही, पण त्रास खरा आहे. क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या इंग्रजी मासिकाला फेब्रुवारी २०२३मध्ये कथा स्वीकारणंच काही काळ बंद करावं लागलं होतं, यंत्रलिखित कथांचा इतका लोंढा आला. छोट्या प्रकाशकाकडे तर उपसायला माणसंच दोन. शुल्क ठेवण्यामागे हेही एक कारण असू शकतं. फुकटात शंभर ठिकाणी पाठवणाऱ्याला थोडा तरी चाप.

मी वाचायचो तेव्हा यंत्रं नव्हती, पण साचा होता. पहिल्याच गठ्ठ्यात पाऊस पडणाऱ्या सुरुवाती इतक्या निघाल्या की टेबल ओलं कसं झालं नाही याचंच नवल. बाकीच्यांत गजर वाजून नायक उठतो, आरशात बघतो आणि स्वतःचं वर्णन करतो. आणि शेवट? ती स्वप्नातून जागी होते, नाहीतर तो कधीचाच मेलेला असतो. वाईट लिहिलेलं नसतं हो. नीटच असतं. पण अठरावी कथा वाचताना "नीट" हा शब्द शिवीसारखा वाटायला लागतो.

एक कथा मात्र अजून आठवते. शुद्धलेखन असं की माझी लाल शाई संपावी. पण त्यात एक बाई शिवणयंत्राचं तेल संपलं म्हणून नवऱ्याशी तीन दिवस बोलत नाही, आणि चौथ्या दिवशी तो काही न बोलता तेलाची कुपी यंत्रावर ठेवतो, ती रिकामी असते. रिकामी! मी तिला "हो" दिलं, दुसऱ्या वाचकाने "नाही" दिलं, तिसऱ्याने वाचवली. ऱ्हस्वदीर्घ मी नंतर दुरुस्त करू शकतो. ती कुपी मी घालू शकत नाही.

जुनी_वही | मंगळवार, रात्री ११:३०

उतारा काढला आहे, संपादकांचे आभार. पण ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना कळलं असेल मी आत्ता का गप्प बसले होते. पाऊस होता त्यात. पाऊस, खिडकी आणि काचेवरून ओघळणारा थेंब.

प्रकाशकांना ईमेल केलाय. कानामात्रांचे शब्दच जवळजवळ वापरले. भांडणाचा सूर येऊ दिला नाही, फक्त विचारलं : नियम ९ निवड न झालेल्या कथांना लागू आहे का, निवडलेल्या कथांचे नेमके कुठले हक्क आणि किती काळ, प्रती घेण्याची सक्ती आहे का, आणि मुद्रित दाखवणार का.

बोरूबहाद्दर | बुधवार, सकाळी ६:५०

एकच कथा दोन स्पर्धांना पाठवली तर चालते का?

कानामात्रा | बुधवार, सकाळी ७:४५

नियमात मनाई असेल तर नाही. मनाई नसेल तर चालते, पण एका ठिकाणी निवड झाली की दुसरीकडून लगेच मागे घ्यायची. दोन्हीकडे निवड होऊन बसली तर दोघंही तुम्हाला लक्षात ठेवतील. चुकीच्या कारणासाठी.

बोरूबहाद्दर | बुधवार, सकाळी ७:५२

समजलं. आणखी एक. मी जुन्या फाँटमध्ये टाइप करतो, शिकलोच त्यावर. चालेल?

मुद्राराक्षस | बुधवार, सकाळी ९:३०

नका हो काका. युनिकोडमध्येच पाठवा, ते कुठल्याही संगणकावर नीट उघडतं. जुन्या फाँटची फाइल समोरच्याकडे तो फाँट नसला तर "Ö" छापाच्या किड्यामुंग्या होऊन उघडते. रूपांतर करून मिळतं, पण त्यात जोडाक्षरं हमखास मार खातात. "दुसऱ्या"चं "दुसर्‍या" होतं, कधी "दुसर्या". रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. रूपांतर करून घेतलंत तर कथा एकदा मोठ्याने वाचा, पहिल्या अक्षरापासून. डोळा चुका दुरुस्त करून वाचतो, जीभ अडखळते.

जुनी_वही | गुरुवार, सायंकाळी ५:४०

उत्तर आलं!!

त्यांनी लिहिलंय (थोडक्यात सांगते) की तो नियम आधीच्या एका पत्रकातून तसाच आला होता, आमच्या लक्षात आलं नाही, आणून दिल्याबद्दल आभार. संकेतस्थळावर नवा नियम ९ लावलाय : हक्क फक्त निवडलेल्या कथांपुरते, या संग्रहाच्या छापील आणि ई-आवृत्तीपुरते. संग्रह आल्यापासून एक वर्ष कथा दुसरीकडे द्यायची नाही, नंतर मोकळी. बाकी सगळं लेखकाकडे. प्रती घेण्याची सक्ती नाही, दोन प्रती भेट. मुद्रित पाठवणार, तीन दिवसांत तपासून द्यायचं.

मला वाटलं होतं एक तर उत्तर येणार नाही, नाहीतर "नियम मान्य नसल्यास भाग घेऊ नये" असं येईल.

कानामात्रा | गुरुवार, सायंकाळी ६:०५

कानामात्रा खूश! म्हटलं नव्हतं, उचललेली ओळ असणार. आता त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि ईमेल जपून ठेवा. अविश्वास म्हणून नाही, सवय म्हणून.

संग्रह आलाच नाही तर काय, हे त्यात नाही. "संग्रह आल्यापासून एक वर्ष" म्हणजे पाच वर्षं आला नाही तर कथा पाच वर्षं अडकली. निकालापासून अमुक महिन्यांत पुस्तक आलं नाही तर हक्क परत, एवढी ओळ मागता येईल. पण त्यासाठी स्पर्धा सोडू नका. निवड झाली तर करार करताना मागा.

खोडरबर | गुरुवार, रात्री ८:१५

असं कुणीतरी मला तेव्हा सांगायला हवं होतं. असो. शुभेच्छा, वहीताई. मनापासून.

जुनी_वही | शनिवार, दुपारी १२:२०

अपडेट. ४१०० वरून ३२६०. पाऊस गेला, खिडकी गेली. नवऱ्याचा मित्र म्हणून एक पात्र होतं, तो आख्खा गेला आणि कथेला काही झालंच नाही. दोन वर्षं मी त्याला सांभाळत होते. अजून २६० राहिलेत. आता जे उरलंय त्यातलं काहीच काढवत नाही.

मुद्राराक्षस | शनिवार, दुपारी १:४५

कथा मागायची नाही, म्हणून न बघता सांगतो. प्रत्येक संवादानंतरचं बघा. "ती रागाने म्हणाली", "तो खिन्नपणे हसला". बोलण्यातून राग कळत असेल तर "रागाने" उडवा. कळत नसेल तर बोलणं बदला. मग "जणू काही", "एक प्रकारचं", "नकळत", "क्षणभर" हे चार शब्द शोधा. किती सापडले ते इथे सांगायची गरज नाही, सगळ्यांचे तेवढेच निघतात. आणि शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचून बघा.

जुनी_वही | शनिवार, रात्री १०:१०

"क्षणभर" एकोणीस. एकोणीस!

शेवटचा परिच्छेद झाकला. आता उघडायची इच्छा नाहीये. २९८४.

अर्धविराम | रविवार, रात्री ९:००

शेवटचे तीन तास. वहीताई, पाठवलीत का? मी पाठवली, आत्ताच. हो, मीही. आधी सांगितलं नाही, कारण निम्मी लिहायची होती.

बोरूबहाद्दर | रविवार, रात्री ९:२५

आम्हीही काल पाठवली. युनिकोडमध्ये. नातीने टाइप करायला शिकवलं, मोठ्याने वाचलीही. "सूर्य" प्रत्येक ठिकाणी नीट आहे.

जुनी_वही | रविवार, रात्री १०:५०

पाठवली. दहा मिनिटांत पोच आली, क्रमांकासकट. क्रमांक इथे लिहीत नाही, मुद्राराक्षस ओरडतील. फाइलच्या गुणधर्मांतलं नाव पुसलं. फाइलचं नाव फक्त "कथा". निकाल चार महिन्यांनी. तोवर काय करायचं असतं?

मुद्राराक्षस | रविवार, रात्री १०:५८

दुसरी लिहायला घ्या. त्या काढलेल्या मित्राला घेऊन बघा, दोन वर्षं सांभाळलात तर काहीतरी असेल त्याच्यात.

आळशी_कासव | रविवार, रात्री ११:४१

पोच दहाच मिनिटांत येते का नक्की? अर्धा तास होऊन गेला. स्पॅममध्येही नाही.

अर्धविराम | रविवार, रात्री ११:४२

कासव???

आळशी_कासव | रविवार, रात्री ११:५३

आली.